आज बैलाचं नको

गणपतीच्या तोंडावर सावर्ड्याच्या बाजारात ऋषीच्या भाजीचे वाटे लागतात. प्लास्टिकच्या कागदावर अळूची चार-पाच पानं, लाल माठाची जुडी, पडवळाचा वीतभर तुकडा, एखादं शिराळं, पाच-सहा भेंड्या, भोपळ्याची फोड, सुरणाचा काप आणि मक्याचं अर्धं कणीस. सावर्डा स्टेशनवर उतरलेले चाकरमानी, त्यांच्या बॅगा, रिक्षा, मखराचं सामान यांतून वाट काढत मी असा एक वाटा घेऊन घरी येते. सासूबाई पिशवी ओतून एकेक जिन्नस हातात घेतात आणि विचारतात, "ही कुठली गो?" घाटावरची म्हटलं की ती बाजूला. कराडकडून कुंभार्ली घाट उतरून आलेली भाजी नांगरलेल्या शेतातली, ती त्यांना चालत नाही. परड्यातलं अळू, मांडवावरचं पडवळ, उकिरड्याच्या कडेला आपसूक रुजलेला भोपळा, कुदळीने खणून लावलेला सुरण, एवढंच टोपात पडतं. तेल नाही, फोडणी नाही. हिरवी मिरची, चिंचेचा कोळ, मीठ आणि वरून ओलं खोबरं. "आज बैलाचं काय खायाचं न्हाय," असं त्या दर वर्षी सांगतात, जणू मी या घरात पहिल्यांदाच आले आहे.

ऋषिपंचमीचा हा नियम बहुतेक मराठी घरांना ठाऊक आहे. बैलाच्या कष्टाने पिकलेलं या दिवशी खायचं नाही. भात नाही, भाकरी नाही, डाळ नाही. पाणथळीत आपोआप उगवणारं देवभात जिथे मिळतं तिथे ते शिजवतात, नाहीतर नुसत्या भाजीवर दिवस काढतात. दोन वर्षांपूर्वी मुंबईहून आलेल्या पुतण्याच्या मुलाने हे सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "पण आजी, आपल्याकडे बैल आहे कुठे?" गोठ्यात खरंच बैल नाही. शेवटची जोडी विकली त्याला बरीच वर्षं झाली. खालचा मळा पॉवर टिलरने उखळला जातो. मग आपल्या भाताला बैलाचे कष्ट लागलेच नाहीत, तर भात खाल्ला म्हणून काय बिघडलं? सासूबाई गप्प राहिल्या. मीही. पण तो प्रश्न माझ्या मनातून गेला नाही, आणि आपण उपास कशासाठी करतो याचा विचार मी त्या दिवसापासून नव्याने करू लागले.

या विषयावरच्या बहुतेक प्रवचनांत एक व्युत्पत्ती हमखास ऐकायला मिळते. उप म्हणजे जवळ, वास म्हणजे राहणं. उपवास म्हणजे देवाच्या जवळ राहणं. पोट रिकामं ठेवलं की मन देवाकडे वळतं, असा त्याचा पुढचा अर्थ. हे चुकीचं नाही, पण मला ते अर्धवट वाटतं. या शब्दाचा उगम जिथे सापडतो तिथे चित्र नेमकं उलटं आहे. शतपथ ब्राह्मण या वैदिक ग्रंथाच्या अगदी सुरुवातीलाच, यजमान उद्या यज्ञ करणार आहे त्याच्या आदल्या दिवशीची गोष्ट येते. त्याने मनात व्रत घेतलं की देवांना ते कळतं, आणि सगळे देव त्याच्या घरी वस्तीला येतात. म्हणून त्या दिवसाला उपवसथ म्हणायचं. आषाढ सावयस नावाचे एक आचार्य यावर म्हणतात, घरी माणूस पाहुणा आला असताना त्याच्या आधी जेवणं शोभत नाही, मग देव पाहुणे असताना त्यांच्या आधी जेवणं कसं शोभेल? तेव्हा काहीच खाऊ नये.

इथे भक्त उठून देवाजवळ जात नाही. देव त्याच्या घरी उतरलेला आहे, आणि पाहुण्याच्या आधी पान मांडायचं नाही एवढ्या साध्या घरगुती रीतीतून उपवास जन्मतो. शरीर शुद्ध करणं, इंद्रियं जिंकणं, पुण्य साठवणं हे सगळं नंतर आलं असावं. मुळात आहे ती यजमानाची लाज. दारात कुणी उपाशी असताना आपल्या तोंडात घास जात नाही, ती लाज. कोकणातल्या माणसाला हे समजावून सांगावं लागत नाही. आम्ही गणपतीला पाहुणाच म्हणतो. तो यायच्या आदल्या दिवशी, भाद्रपद शुद्ध तृतीयेला, बायका हरितालिकेचा कडक उपास करतात. पाट मांडलेला असतो, मखर उभं असतं, नारळ सोलून ठेवलेले असतात आणि घरातली बाई पाण्याचा थेंब न घेता हे सगळं करत असते. पंचांगाने या दोन दिवसांची सांगड कशी घातली ते मला माहीत नाही, पण पाहुण्याच्या आदल्या रात्रीचा हा उपास त्या जुन्या उपवसथाशी फार जुळतो.

शतपथातला वाद तिथेच संपत नाही. याज्ञवल्क्य म्हणतात, काहीच खाल्लं नाही तर ते पितरांचं व्रत झालं, आणि खाल्लं तर देवांच्या आधी खाल्लं. तेव्हा असं काही खावं, जे खाल्लं तरी न खाल्ल्यासारखं धरलं जातं: ज्याचा आहुतीत वापर होत नाही ते, रानात आपोआप उगवलेलं, झाडावर पिकलेलं. त्यावर बर्कु वार्ष्ण नावाचा कुणी म्हणतो, मग माझ्यासाठी उडीद शिजवा, त्यांची कुठे आहुती देतात! ग्रंथ त्याला नाही म्हणतो, कारण कडधान्य हे भात-जवाच्या जोडीचंच अन्न आहे. हे वाचलं तेव्हा मला सासूबाईंच्या हातातली भेंडी आठवली. "ही कुठली गो?" हा प्रश्न अडीच हजार वर्षांहून जुना आहे.

याज्ञवल्क्यांच्या या वाटेनेच आपल्या उपासाच्या ताटात आजचे पदार्थ शिरले असावेत, असं मला वाटतं. शेंगदाणा, बटाटा, मिरची, रताळं, राजगिरा आणि ज्याच्यापासून साबुदाणा होतो तो कंद, हे सगळं अमेरिका खंडातून गेल्या चार-पाचशे वर्षांत आपल्याकडे आलं. साबुदाण्याचे कारखाने तर तमिळनाडूत सेलमच्या भागात दुसऱ्या महायुद्धाच्या सुमाराला उभे राहिले. यज्ञात यांतलं काहीच नव्हतं, म्हणून ते 'न खाल्ल्यासारखं'. शब्दाला धरून हे बरोबर आहे. पण मग उपासाला जिरं चालतं की नाही, कोथिंबीर चालते की नाही, यावर आपण जी ताकद खर्च करतो ती वाया जाते. पाहुणा जेवला का, हा मूळ प्रश्न राहतो बाजूलाच.

वरीच्या तांदळाची गोष्ट त्याहून वेगळी आहे, आणि ती आमच्या भागाची आहे म्हणून मला जरा थांबून सांगायची आहे. वरी परदेशातून आलेली नाही. ती डोंगरउतारावरच्या वरकस जमिनीत पिकते. नाचणी, वरी, हरीक ही तिथली पिकं. खालच्या मळ्यात भात व्हायचा, पण तो कष्टकऱ्याच्या घरात फारसा राहत नसे. खोतांची जमीनदारी, म्हणजे खोती, होती तेव्हा भाताचा निम्मा वाटा, म्हणजे अर्धेल, खोताकडे जायचा. वरकस पिकांचाही तिसरा हिस्सा, तिर्धेल. उरलेल्या भातातून कर्ज फिटायचं, आणि कुळाचं कुटुंब वर्षातले कितीतरी महिने नाचणी-वरीवर काढायचं. १९३७ साली डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी खोती नष्ट करण्याचं विधेयक मुंबईच्या विधिमंडळात मांडलं, १० जानेवारी १९३८ ला हजारो शेतकऱ्यांचा मोर्चा मुंबईत विधिमंडळावर गेला, आणि कायद्याने खोती गेली ती १९४९ साली. हे सगळं माझ्या सासूबाईंच्या वडिलांच्या हयातीतलं. त्या सांगतात की त्यांच्या माहेरी भात सणाला व्हायचा आणि वरी रोज. खोताच्या घरी भात रोज व्हायचा आणि वरी एकादशीला.

एकाचं रोजचं जेवण तो दुसऱ्याचा उपास. मराठीत उपाशी हा शब्द दोघांनाही लागतो, ज्याने देवासाठी अन्न सोडलं त्यालाही आणि ज्याच्या घरात अन्नच नाही त्यालाही. उपासाच्याच पोटातून उपासमार हा शब्द आला आहे. भाषेने ही दोन माणसं एका पंक्तीत बसवली. खोताच्या एकादशीला मी ढोंग म्हणत नाही, त्याची श्रद्धा खरी असेल. पण त्या दिवशी वरीचा घास घेताना हे आपल्या कुळाचं रोजचं अन्न आहे आणि ते असं का आहे, असं त्याच्या मनात आलं असतं तर तो उपास त्याला देवाजवळ घेऊन गेला असता. तो विचार आला नसेल, तर फक्त ताटातला पदार्थ बदलला.

आजकाल उपासाची बाजू मांडताना धर्मापेक्षा विज्ञानाचा आधार जास्त घेतात. जपानचे योशिनोरी ओसुमी यांना २०१६ साली नोबेल मिळालं तेव्हापासून दर एकादशीला मोबाईलवर निरोप फिरतो, की पेशी स्वतःचीच झीज कशी साफ करतात हे त्यांनी शोधलं आणि आपल्या ऋषींना ते आधीच ठाऊक होतं. ओसुमी यांचं काम यीस्टच्या पेशींवरचं आहे. ते फार मोठं आहे, पण ते एकादशीची शिफारस नाही. माझा आक्षेप मात्र वेगळा आहे. पोट हलकं व्हावं म्हणून जेवण सोडणं यात काही वाईट नाही, डॉक्टर सांगतील तसं जरूर करावं. पण त्यात घरी कुणी पाहुणा येत नाही. सगळं आपल्यापासून सुरू होतं आणि आपल्यापाशीच संपतं. ज्या दिवशी उपासाचं समर्थन 'मला फायदा होतो' एवढ्यावर येतं, त्या दिवशी त्यातली भक्ती निघून गेलेली असते.

नवसाचंही तेच. हरितालिकेची कहाणी मी पंचवीसेक वर्षं दर भाद्रपदात वाचत आले. हिमालयाने पार्वतीचं लग्न विष्णूशी ठरवलं, तिला शंकर हवा होता. तिच्या सखीने तिला पळवून रानात नेलं, म्हणून हे नाव: हरित म्हणजे पळवलेली, आली म्हणजे सखी. नदीकाठी तिने वाळूची पिंडी केली, अन्न सोडलं, जागरण केलं. ही एका मुलीची गोष्ट आहे, जिने बापाचा शब्द नाकारला, स्वतःचं मन ओळखलं आणि ते देवापुढे ठेवलं. तिला उपास कुणी लावला नव्हता. आणि सोबत होती ती मैत्रीण, सासू नव्हे, नवराही नव्हे. एवढी धीट गोष्ट आपण नवऱ्याच्या आयुष्यासाठीचं व्रत करून टाकली. पोथीच्या शेवटी तर भीतीच आहे. या दिवशी जी जेवेल ती सात जन्म वांझ होईल, विधवा होईल. देवाच्या नावाने बाईला घातलेली ही धमकी मी आता घरात मोठ्याने वाचत नाही. ती पानं उलटते आणि पार्वतीने वर मागितला तिथे थांबते. कुणाला हे पोथीत ढवळाढवळ करणं वाटेल. मला वाटतं, धमकीने ठेवलेला उपास देवापर्यंत पोचतच नाही, तो भीतीपाशीच अडतो.

धाकट्या मुलाच्या वेळी मला पाचवा महिना होता आणि मी हरितालिकेची निर्जळी धरली होती. घरात वीसेक माणसं. संध्याकाळी विळीवर नारळ खोवता खोवता डोळ्यांपुढे अंधार आला. जाग आली तेव्हा डोकं सासूबाईंच्या मांडीवर होतं आणि तोंडात गुळाच्या पाण्याची चव. मी म्हटलं, "उपास मोडला." त्या म्हणाल्या, "पोटात पावणा हाय तो. त्याला पयलं देयाचं." मग त्यांनी वाटीभर पेज समोर ठेवली आणि मी ती संपवेपर्यंत उठल्या नाहीत. सासूबाई चौथीपर्यंत शिकलेल्या. शतपथ ब्राह्मणाचं नाव त्यांनी ऐकलेलं नाही. पण पाहुण्याच्या आधी आपण जेवायचं नाही हा उपासाचा गाभा असेल, तर पोटातल्या पाहुण्याला उपाशी ठेवणं हाच व्रतभंग, हे त्यांनी क्षणात ओळखलं.

सगळ्या घरांत अशी सासू नसते. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या स्त्रियांपैकी ५४ टक्क्यांना रक्तक्षय असल्याचं दिसलं. आमच्या शेजारी डेरवणला वालावलकर रुग्णालय आहे. तिथे कोकणातल्या किशोरवयीन मुलींच्या पोषणाचा अभ्यास चालतो, कारण आजची अशक्त मुलगी उद्या अशक्त आई होते. या मुलींच्या आया सोमवार, चतुर्थी, एकादशी, नवरात्र असे उपास करत असतात, आणि उपास नसेल त्या दिवशीही सगळ्यांचं झाल्यावर टोपाच्या तळाशी उरेल ते खातात. उपासाने रक्तक्षय होतो असं मी म्हणत नाही. ज्या बाईच्या वाट्याला वर्षभर शेवटचं ताट येतं, तिच्याकडून त्यागाचं आणखी एक व्रत मागताना देव आपल्याकडे कसा पाहत असेल, एवढंच मला विचारायचं आहे. त्याग भरल्या ताटावरच्या माणसाने करावा. रिकाम्या ताटावरून तो काढून घेता येत नाही.

आता ऋषिपंचमीच्या कहाणीकडे येते, कारण माझं खरं भांडण आणि खरं प्रेम दोन्ही तिथे आहे. एक ब्राह्मण होता, त्याच्या बायकोने विटाळशी असताना घरात कालवाकालव केली. त्या दोषाने पुढच्या जन्मी ती कुत्री झाली आणि नवरा बैल, दोघंही स्वतःच्याच मुलाच्या घरी. श्राद्धाच्या दिवशी खिरीत सापाने गरळ टाकलं. ब्राह्मण मरतील म्हणून कुत्रीने खीर बाटवली, तर सुनेने तिला जळतं लाकूड मारलं आणि उपाशी ठेवलं. बैल दिवसभर नांगराला जुंपलेला, त्यालाही चारा नाही. रात्री गोठ्यात दोघं आपापलं दुःख बोलतात आणि मुलगा ते ऐकतो. मग तो रानात ऋषींकडे जातो, आणि ऋषी त्याला हे व्रत सांगतात.

या कहाणीत दोन धागे आहेत. एक पाळीच्या विटाळाचा. तो मी मानत नाही. ज्या रक्तातून माणूस जन्माला येतो त्याचं प्रायश्चित्त घेण्यासाठी बाईने दर वर्षी उपास करावा, हे मला देवाचाही अपमान करणारं वाटतं. या व्रताच्या नावाखाली कितीतरी पिढ्यांतल्या बायकांनी स्वतःच्या शरीराबद्दल लाज बाळगली. ती बाळगू नका असं माझ्या मुलीला मी स्पष्ट सांगितलं आहे. दुसरा धागा गोठ्यातला. ज्याच्या खांद्यावर जू ठेवून मी श्राद्धाचं अन्न पिकवलं, तो उपाशी आहे आणि तो माझा बाप आहे. बाहेर ब्राह्मण जेवले, पितरांच्या नावाने पिंड पडले, आणि पितर मागे गोठ्यात रिकाम्या गव्हाणीपाशी उभे. कर्मकांड पूर्ण झालं आणि ज्याच्यासाठी केलं तोच उपाशी राहिला, ही जखम या कहाणीने दाखवली. बैलाच्या कष्टाचं खायचं नाही हा नियम त्या जखमेतून आला आहे. वर्षातला एक दिवस तुझ्या श्रमावाचून जगून बघतो, म्हणजे उरलेले दिवस मी कुणाच्या जिवावर जगतो ते मला कळेल.

पहिला धागा कापावा आणि दुसरा घट्ट धरावा, असं माझं म्हणणं. धर्म म्हणजे सगळं जसंच्या तसं घेणं किंवा सगळं टाकणं, अशी सक्ती कुणी करू नये. आपल्या आज्यांनीच कितीदा धागे निवडून घेतले आहेत. सासूबाई विटाळाबद्दल बोलत नाहीत, बैलाबद्दल बोलतात.

आणि बैल आता कोण? त्या मुलाच्या प्रश्नाला हे माझं उत्तर. गोठा रिकामा झाला म्हणून जू नाहीसं झालेलं नाही. रत्नागिरीच्या आंब्याच्या बागा राखायला नेपाळहून माणसं येतात आणि पावसाळ्याच्या तोंडावर परत जातात. महामार्गाचं काम वर्षानुवर्षं चाललं आहे, त्यावर परराज्यातली पोरं डांबरात उभी असतात. घाटावरची ती भेंडी पहाटे कुणीतरी खुडलेली असते. आणि घरात बघायचं तर चुलीपुढे उभी असलेली बाई. हरितालिकेला निर्जळी धरून वीस माणसांचं रांधते, चतुर्थीला पहाटे चारला उठून मोदकाची उकड काढते, पंचमीला बैलाचं खात नाही म्हणून सगळ्यांसाठी वेगळी भाजी चिरते. गौरी जेवायच्या दिवशी वडे तळते आणि सागुतीचं वाटण वाटते. बैलाला एक दिवस सुट्टी देणारं व्रत तिच्या खांद्यावर आणखी एक जू ठेवतं, हे गोठ्यातल्या त्या बापाला नक्कीच आवडलं नसतं.

गौरीच्या तिखट्या, म्हणजे मांसाच्या, नैवेद्यावरून कुणी नाक मुरडलं की मला वाईट वाटतं. देवासाठी एका दिवशी पाणी सोडणारं घर काही दिवसांनी देवीपुढे वडे-सागुती ठेवतं, यात विसंगती कुठे आहे? गौर माहेरवाशीण आहे. येते त्या संध्याकाळी प्रवासाने दमलेली असते, म्हणून तिला भाजी-भाकरी. दुसऱ्या दिवशी तिला आवडतं ते. आपण काय खातो याच्यापेक्षा आलेल्याला काय हवं आहे, हा हिशोब हरितालिकेलाही होता आणि गौरीलाही आहे.

मी भक्तीचं समाजकार्य करून टाकते आहे, असा आक्षेप माझ्या धाकट्या दिरांनी घेतला. ते वारकरी आहेत, दोन्ही एकादशा करतात. त्यांचं म्हणणं, उपासात देव आणि आपण याशिवाय तिसरं कुणी नको. हा आक्षेप मी हलक्याने घेत नाही, कारण तो एकांत मलाही ठाऊक आहे. हरितालिकेला दुपारी तीनच्या सुमाराला भूक अंगावर येते, चिडचिड होते. मग ती ओसरते. रात्री वाळूच्या पिंडीपुढे बसलं की एक हलकेपणा येतो, समईची ज्योत नेहमीपेक्षा स्थिर वाटते, आणि एरवी मागणी असलेलं देवाचं नाव त्या वेळी नुसतं नाव होतं. हे मी अनुभवलं आहे. त्याला दुसऱ्या कशाच्या पुराव्याची गरज नाही. पण गीता सांगते की निराहार राहिलं तर विषय दूर होतात, त्यांची गोडी मात्र आत राहते. ती जायला आणखी काही दिसावं लागतं. माझ्या अनुभवात ती गोडी जाते ती दुसऱ्याचं पोट दिसतं तेव्हा. आणि एकादशीचा उपासही द्वादशीच्या पारण्याशिवाय पुरा होत नाही. कुणा अतिथीला बोलावून, त्याला वाढून मग आपण जेवायचं, ही पारण्याची रीत दिरांच्याही घरी आहे. उपास पानावर पुरा होतो, आणि ते पान एकट्याचं नसतं.

भागवतातला अंबरीष आठवा. द्वादशी संपत आली, पाहुणा दुर्वास नदीवर गेलेला, परत येईना. व्रत मोडू नये म्हणून राजाने फक्त पाणी घेतलं आणि दुर्वास भडकला. पुढची, राजावर सोडलेल्या कृत्येची आणि दुर्वासाच्याच मागे लागलेल्या चक्राची गोष्ट सगळे सांगतात. माझ्या लक्षात राहतं ते वेगळंच. दुर्वास जीव घेऊन पळत होता त्या वर्षभरात अंबरीष जेवला नाही. शाप द्यायला निघालेला पाहुणा उपाशी गेला होता, म्हणून. तो परत आल्यावर राजाने त्याला आधी जेवायला घातलं. आमच्या पंचक्रोशीतल्या मुसलमान शेजाऱ्यांकडेही महिनाभराच्या रोज्यानंतर ईदच्या नमाजाआधी गरिबाला फित्रा द्यावाच लागतो. भुकेला दानाची जोड कशी लागते, हे या मातीतल्या सगळ्यांनाच कुठे ना कुठे ठाऊक आहे.

या विचाराचा सगळ्यात मोठा उपास आपल्याच रत्नागिरी जिल्ह्यातल्या माणसाने केला. साने गुरुजी दापोली तालुक्यातल्या पालगडचे. विठ्ठलाचं मंदिर अस्पृश्य ठरवलेल्यांना खुलं व्हावं म्हणून काही महिने महाराष्ट्रभर फिरून त्यांनी १ मे १९४७ पासून पंढरपुरात उपोषण केलं. दहा दिवसांनी दार उघडलं. उपवास म्हणजे देवाजवळ बसणं असेल तर देवाजवळ बसायला कुणाकुणाला मुभा आहे, हा प्रश्न गुरुजींनी स्वतःच्या पोटाने विचारला. त्यांना स्वतःला दर्शनाची बंदी नव्हती. ज्यांना होती ते आत येईपर्यंत आपण जेवायचं नाही, एवढंच त्यांनी ठरवलं. शतपथातल्या त्या आचार्याचा युक्तिवाद तोच: पाहुणा दारात उभा आहे, मी आधी कसा जेवू?

गेल्या पंचमीला आम्ही भाजी चिरायला पुरुषांना बसवलं. अळूने हात खाजले तेव्हा पुतण्या ओरडला, त्याला कोकम लावायला दिलं. सुरण नीट सोलता आला नाही, निम्मा सालीबरोबर गेला. तो प्रश्न विचारणारा मुलगा मक्याचे दाणे काढत होता. भाजी झाल्यावर पहिलं पान आम्ही सासूबाईंचं मांडलं. इतक्या वर्षांत त्या सणाच्या दिवशी पहिल्या पंक्तीला बसलेल्या मी पाहिल्या नव्हत्या. त्यांना ते अवघड झालं. दोनदा उठायला गेल्या, पाणी कुणी ठेवलं का म्हणून, गणपतीपुढचा दिवा बघायला म्हणून. मग पाट थोडा सरकवून त्यांनी बाजूला हात आपटला आणि मला म्हणाल्या, "हितं बस." मी बसले. त्यांनी भाजी तोंडात घातली, जरा वेळ गप्प राहिल्या.

"मीठ कमी हाय," त्या म्हणाल्या, आणि मुलगा मीठ आणायला उठला.